वाचनालयात मरणाविषयी बोलायचे, तर कसे?

वाचकाचे पत्र: ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. आमचे निम्म्याहून अधिक सभासद साठीच्या पुढचे आहेत. गेल्या काही महिन्यांत तीन-चार वाचकांनी देवघेवीच्या खिडकीशी थांबून, आजूबाजूला कुणी नाही असे पाहून, शेवटच्या आजारपणाविषयी आणि जाण्याआधी करायच्या तयारीविषयी मराठीत काही वाचायला आहे का, असे विचारले. एका बाईंनी तर ‘पुस्तक नको, कुणाशी तरी बोलायचे आहे’ असे सांगितले. या विषयावर मोकळेपणाने बोलण्यासाठी महिन्यातून एकदा वाचनालयातच जमावे, असा प्रस्ताव मी कार्यकारी मंडळापुढे ठेवला. अध्यक्ष म्हणाले, ‘हे सरस्वतीचे मंदिर आहे, इथे अभद्र विषय नको, सभासद कमी होतील.’ एका सदस्यांनी पितृपक्षात एखादे व्याख्यान ठेवण्याचा मधला मार्ग सुचवला. माझे चुकते आहे का? आणि चुकत नसेल, तर हे करावे कसे?
– एक ग्रंथपाल, ठाणे

स. न. वि. वि.

आपले चुकत नाही. त्या बाईंना पुस्तक नको होते, बोलायचे होते, आणि बोलण्यासाठी त्या वाचनालयात आल्या, यातच आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. घरात हा विषय निघतच नाही असे नाही. तो निघतो आणि तत्काळ मिटवला जातो. सत्तरी ओलांडलेली आई ‘मला शेवटी नळ्या लावून ठेवू नका’ एवढे म्हणते न म्हणते, तोच मुलगा ‘काहीतरी काय बोलतेस, तुला अजून नातीचे लग्न पाहायचे आहे’ असे म्हणतो, सून चहा टाकायला उठते आणि बोलणे तिथेच थांबते. यात मायाच असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु त्या मायेपोटी आईला नेमके काय हवे होते हे कुणालाच कळत नाही, आणि मग एखाद्या रात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी, हातात संमतिपत्र घेऊन, तोच मुलगा एकट्याने निर्णय घेतो व ‘मी बरोबर केले ना’ हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे मनात बाळगतो. रुग्णालयातही हेच घडते. नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन ‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनवणी करतात; रुग्णाला मात्र स्वतःच्या शरीरावरून सगळे समजलेले असते, आणि घरच्यांना त्रास नको म्हणून तोही काही समजले नसल्यासारखे वागतो. एकमेकांवर जीव लावणारी माणसे शेवटचे काही आठवडे अशी एकमेकांपासून लपत काढतात, हे मला फार दुःखद वाटते.

आता ‘अभद्र’ या आक्षेपाविषयी. अध्यक्षांच्या मनातील भीती खरी आहे आणि तिची टिंगल करून आपले काम होणार नाही. तरीही त्यांच्यापुढे एक गोष्ट आदराने मांडता येईल. आपल्या समाजाला मरणाचे वावडे कधीच नव्हते. कीर्तनात, भजनात, वारीच्या वाटेवर देहाच्या नाशिवंतपणाविषयी जितके उघडपणे बोलले जाते तितके क्वचितच कुठे बोलले जात असेल. मृत्यूनंतर काय करावे याची व्यवस्था तर आपल्याकडे अगदी बारकाईने लावलेली आहे: शेजारचे घर पिठले-भात पाठवते, दहाव्याला कोण येणार हे ठरलेले असते, तेराव्याला घर पुन्हा माणसांत आणले जाते, वर्षश्राद्धापर्यंतची पावले आखलेली असतात. मात्र मृत्यूच्या आधीच्या दिवसांसाठी अशी कुठलीच व्यवस्था आता उरलेली नाही. पूर्वी माणूस बहुधा घरीच, चार पिढ्यांच्या समोर जात असे, त्यामुळे जाणे कसे असते हे लहानांनाही ठाऊक असे. आता घोडबंदरच्या इमारतींतून आजारी माणूस थेट रुग्णालयात जातो, मुलगा बंगळुरूला किंवा अमेरिकेत असतो आणि शेजारच्या सदनिकेतील कुटुंबाला बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कळते. त्यातून २०२० आणि २०२१ ही करोनाची वर्षे आली. अनेकांना आपल्या माणसाचा चेहरा पाहता आला नाही, खांदा देता आला नाही, भेटायला कुणी येऊ शकले नाही. ज्या रीतींमुळे दुःखाला वाट मिळत असे त्या रीतीच त्या काळात पार पडल्या नाहीत. आपल्या सभासदांपैकी किती जणांच्या मनात ते अजून तसेच साठून असेल, याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा अधिक असेल.

पण वाचनालयच का, असा प्रश्न मंडळात निघेलच. माझे उत्तर असे आहे की, मरणाविषयी बोलण्यासाठी माणूस दुसरीकडे जिथे जाईल तिथे समोरच्याला त्याच्याकडून काहीतरी अपेक्षित असते. रुग्णालयात उपचाराचा निर्णय हवा असतो, वकिलाकडे कागद करायचा असतो, विमा प्रतिनिधीला पॉलिसी द्यायची असते, सत्संगात श्रद्धा गृहीत धरलेली असते. वाचनालय मात्र काही विकत नाही, कुठल्या मताकडे वळवत नाही, आणि आत आलेल्या माणसाला ‘का आलात’ असे विचारत नाही. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले, तेव्हापासून आपल्या भाषेतील ज्ञान सर्वांना एका छताखाली मिळावे ही कल्पना या शहराने जपली आहे. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागेही हीच दृष्टी होती. आणखी एक उदाहरण अध्यक्षांना कदाचित अधिक पटेल. ठाण्याचे नाव निघाले की मनोरुग्णालयावरून थट्टा करण्याची एक वाईट सवय पूर्वी सर्वत्र होती. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली मानसिक आरोग्यासाठी संस्था उभी केली, आणि जे विषय घरात दडवले जात ते मराठीत, चारचौघांत, लाज न बाळगता बोलता येतात हे शहराला दिसले. तेव्हाही असे विषय चारचौघांत नकोत असे म्हणणारे असतीलच.

आता कसे करावे याकडे वळते. माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा की व्याख्यान ठेवू नका. आपल्या वाचनालयांना व्याख्यानमालेची मोठी परंपरा आहे आणि तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु त्यामुळे कार्यक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय आणि शेवटी पाच मिनिटांची प्रश्नोत्तरे एवढेच येते. मरणाविषयी उत्तम बोलणारा वक्ता आला तर श्रोते भारावून घरी जातील, पण त्या बाई जे बोलायला आल्या होत्या ते पुन्हा त्यांच्या मनातच राहील. आपल्याला ऐकवणाऱ्याची नव्हे, ऐकणाऱ्यांची गरज आहे.

अशा बैठकींचा एक प्रकार गेल्या काही वर्षांत जगभर रुजला आहे. स्वित्झर्लंडचे समाजशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रेटाझ यांनी २००४ साली नोशातेल येथे, एका कॅफेत बसून मरणाविषयी बोलण्याची बैठक घेतली. त्यावरून प्रेरणा घेऊन जॉन अंडरवुड यांनी सप्टेंबर २०११ मध्ये लंडनमधील आपल्या राहत्या घरी ‘डेथ कॅफे’ भरवला, आणि पुढे अनेक देशांतील सार्वजनिक ग्रंथालयांनी आपल्या दालनांत हा उपक्रम घेतला. त्याचे नियम थोडके आहेत: कुणी नफा कमवायचा नाही, सहभागींना कुठल्याही निष्कर्षाकडे, उत्पादनाकडे किंवा कृतीकडे न्यायचे नाही, झालेले बोलणे बाहेर न्यायचे नाही, आणि सोबत काहीतरी खायला-प्यायला असायलाच हवे. खाण्याची ही अट मला फार शहाणपणाची वाटते, कारण हातात चहाचा कप असला की माणसाला गप्प बसणेही सोपे जाते. आपण ते नाव घेण्याची गरज नाही. सूचना फलकावर ‘मरणाविषयी मोकळेपणाने: वाचकांची बैठक’ एवढे साधे लिहावे. ‘आयुष्याची सोनेरी संध्याकाळ’ यासारखे नाव मंडळ सुचवील, ते कृपया स्वीकारू नका. ते वाचून लोक गाण्याच्या कार्यक्रमाच्या अपेक्षेने येतील आणि ज्यांना यायला हवे त्यांना हे आपल्यासाठी आहे हे कळणारच नाही.

आठ ते बारा माणसे पुरेत. वाचन कक्ष रिकामा असतो अशी दुपारी चार ते साडेपाचची वेळ घ्यावी, खुर्च्या गोलात मांडाव्यात, पंख्याचा आवाज मोठा असेल तर ज्यांना कमी ऐकू येते त्यांची सोय आधी पाहावी. सुरुवात भाषणाने न करता एखाद्या सोप्या प्रश्नाने करावी: आपण लहानपणी पहिल्यांदा मरण पाहिले किंवा ऐकले ते कुणाचे, आणि तेव्हा मोठ्या माणसांनी आपल्याला काय सांगितले? या प्रश्नाला प्रत्येकाकडे उत्तर असते आणि त्यातील दुःख बहुधा जुने असल्याने बोलताना धीर सुटत नाही. पुढच्या बैठकांमध्ये अधिक जवळचे प्रश्न आपोआप येतील. शेवटचे दिवस घरी काढावेसे वाटतात की रुग्णालयात, आणि का? भीती मरणाची आहे की वेदनेची, की परावलंबी होण्याची? मुलांना काय सांगायचे राहिले आहे? ज्यांना बोलायचे नसेल त्यांना न बोलण्याची पूर्ण मोकळीक हवी, आणि कुणी मध्येच उठून गेले तर त्याची चर्चा होता कामा नये.

बैठकीच्या आरंभी चार गोष्टी दर वेळी, नेहमीच्या सभासदांसमोरसुद्धा, मोठ्याने सांगाव्यात. येथे बोललेले येथेच राहील. न विचारता कुणी कुणाला सल्ला देणार नाही. छायाचित्र घेतले जाणार नाही आणि व्हॉट्सॲपवर काही जाणार नाही. कुठल्याही कंपनीची, संस्थेची वा पंथाची पत्रके वाटली जाणार नाहीत. यातील दुसरा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते. एखाद्या गृहस्थांनी पत्नीच्या अखेरच्या दिवसांविषयी दोन वाक्ये बोलावीत, की लगेच कुणी ‘तुम्ही ध्यान सुरू करा’ म्हणते, कुणी ‘आमच्या काकांचे याहून वाईट झाले’ असे सुरू करते. बैठक चालवणाऱ्याने तिथे सौम्यपणे पण निश्चितपणे थांबवावे आणि बोलणाऱ्याला त्याचे बोलणे पुरे करू द्यावे. कुणाला रडू आले तर सांत्वनाची घाई करू नये. पाण्याचा पेला जवळ असावा, पण तो लगेच पुढे केला की ‘आता आवरा’ असा त्याचा अर्थ होतो. थोडा वेळ सगळ्यांनी शांत बसणे पुरते.

बैठक आपण एकट्याने चालवू नये. सोबत आणखी एक व्यक्ती असावीच. निवृत्त परिचारिका, रुग्णालयात समाजसेवा विभागात काम केलेली व्यक्ती, किंवा शांतपणे ऐकण्याची सवय असलेले एखादे शिक्षक आपल्या सभासदांतच सापडतील. ही बैठक म्हणजे समुपदेशन नव्हे, हे आपण स्वतःही लक्षात ठेवावे आणि येणाऱ्यांनाही सांगावे. ज्यांच्या घरी अगदी अलीकडे मृत्यू झाला आहे त्यांना नाकारू नका, पण आधी त्यांच्याशी एकट्याने बोलून गटात बसणे झेपेल का, हे त्यांनाच ठरवू द्या. वृद्ध माणसे ‘आता पुरे झाले, देवाने न्यावे’ असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा तो थकवा असतो. परंतु कुणाच्या बोलण्यात निराळी छटा जाणवली तर बैठकीनंतर बाजूला बसवून ‘जीव द्यावा असे मनात येते का’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट कुणीतरी विचारले याचा आधार वाटतो. उत्तर होकारार्थी असेल तर त्यांना एकटे सोडू नये, घरच्यांना किंवा विश्वासातल्या माणसाला बोलावून घ्यावे, आणि केंद्र शासनाच्या टेलिमानस या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जो मराठीतही उपलब्ध आहे, तिथेच लावून द्यावा.

दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) असतात असे वाचलेले एखादे सभासद हमखास येतील आणि इतरांना त्या मापाने मोजू लागतील. त्यासाठी एवढे माहीत असलेले बरे की मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ साली ते टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या दुःखाचे ते वेळापत्रक नव्हते, आणि टप्पे क्रमाने यायलाच हवेत असेही नाही. नवऱ्याला जाऊन तीन वर्षे झाली तरी त्यांचा चष्मा टेबलावरून हलवता येत नाही असे कुणी सांगितले, तर त्यात काही बिघडलेले नाही असे आपण निःशंकपणे म्हणू शकता.

एक काळजी घ्यावी. आपले सभासद एकाच धर्माचे वा जातीचे नसतील. ठाण्यात जुनी चर्च आहेत, बेने इस्रायलींचे सिनेगॉग आहे, राबोडी आणि मुंब्र्यात मुस्लिम वस्ती आहे, बौद्ध कुटुंबे आहेत, आणि कुठलाही विधी न करण्याचे ठरवलेले लोकही आहेत. पुनर्जन्म, मोक्ष किंवा आत्मा सर्वांनाच मान्य आहे असे गृहीत धरून बैठक चालवणाऱ्याने बोलू नये. मात्र ‘आमच्या घरी माणूस गेल्यावर काय करतात आणि त्यातले मला काय हवे, काय नको’ या विषयावर एक पूर्ण बैठक जरूर घ्यावी. शेजारी राहूनही आपल्याला एकमेकांच्या घरचे किती कमी ठाऊक असते हे तेव्हा कळेल.

आपल्या खिडकीशी आलेल्या वाचकांनी तयारीविषयीही विचारले होते. ती माहिती द्यायलाच हवी, पण त्यासाठी निराळा दिवस ठेवा. मन मोकळे करायला आलेल्या माणसापुढे अर्ज ठेवू नयेत आणि अर्ज समजून घ्यायला आलेल्याला रडणे ऐकायला बसवू नये. या माहितीच्या सत्रांना तज्ज्ञ व्यक्ती अवश्य बोलवा, कारण इथे अचूकपणाला महत्त्व आहे. उदाहरणार्थ, मालमत्तेचे मृत्युपत्र आणि उपचारांविषयीचे आगाऊ इच्छापत्र, म्हणजेच ‘लिव्हिंग विल’, यांत लोकांची नेहमी गल्लत होते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी, सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग मानून, अशा इच्छापत्राला मान्यता दिली. परंतु तेव्हाची पद्धत फार किचकट होती, कारण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागत असे. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सुटसुटीत झाली. आता अठरा वर्षांवरील, सारासार विचार करू शकणारी कुणीही व्यक्ती दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून ते साक्षांकित करून घेऊ शकते. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल त्यांची नावे त्यात लिहायची असतात, आणि एक प्रत घरच्यांकडे, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे व एक महापालिकेसारख्या स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे इच्छापत्र लागू होते ते बरे होण्याची आशा उरली नसताना आणि रुग्णाला स्वतः निर्णय घेता येत नसतानाच, तेही रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळांनी तपासल्यानंतर. ‘सही केली म्हणजे साध्या न्यूमोनियातही उपचार करणार नाहीत’ ही भीती मी अनेकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि तिचे निरसन जाहीरपणे व्हायला हवे.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी मात्र सक्तीची नाही. सोसायटीत किंवा बँकेत नामनिर्देशन केले म्हणजे ती व्यक्ती मालक झाली, असा समज असतो. सामान्यतः ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळणारी असते. या एका गैरसमजावरून भावंडे वर्षानुवर्षे बोलेनाशी होतात, म्हणून त्यासाठी एक स्वतंत्र दुपार द्यावी. नेत्रदान मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत व्हावे लागते. चष्मा असला किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते. पंखा बंद करून, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा असतो. देहदानाचा अर्ज भरला तरी प्रत्यक्षात ते नातेवाईकांच्या सहकार्यावर अवलंबून असते, आणि काही परिस्थितींत वैद्यकीय महाविद्यालय देह स्वीकारू शकत नाही, हेही आधीच सांगावे. घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र लागते आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना तर ‘रात्री दोन वाजता काही झाले तर प्रमाणपत्र कोण देईल’ ही चिंता मरणापेक्षा मोठी वाटते. त्यावर आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांशी आजच बोलून ठेवणे हाच उपाय आहे.

उपशामक सेवेविषयी, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेविषयी, मात्र थोडे अधिक बोलावे असे मला वाटते, कारण आपल्याकडे तिच्याबद्दलचे अज्ञान वेदना वाढवते. लंडनमध्ये डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचे केंद्र, सुरू केले तेव्हापासून हे मानले जाते की मरणासन्न माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. तिच्यात मनाची, नात्यांची, पैशाची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, म्हणून उपचारही त्या सर्वांचा करावा लागतो. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली वांद्र्याला सुरू झाले, म्हणजे आपल्यापासून लांब नाही. परळचे टाटा रुग्णालय आणि खारघर येथील त्याचे केंद्र यांच्यामुळे कर्करोगाचे असंख्य रुग्ण ठाणे-नवी मुंबईत राहतात, तरीही ‘उपशामक’ म्हणजे ‘आता काही करता येणार नाही’ असाच अर्थ घेतला जातो. वस्तुतः ही सेवा आजाराच्या सुरुवातीपासून, मूळ उपचारांच्या जोडीने घेता येते. मॉर्फिन या तीव्र वेदनाशामक औषधाचेही असेच आहे. व्यसन लागेल या भीतीने नातेवाईक ते नाकारतात आणि माणूस कण्हत राहतो. वास्तविक डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन सुरक्षित असते, आणि ते रुग्णांना सहज मिळावे म्हणून २०१४ साली कायद्यातही बदल करण्यात आला. केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपशामक सेवेचे केंद्र सुरू केले. पुढे त्या राज्यात शेजारीपाजारी थोडे प्रशिक्षण घेऊन घरोघरच्या रुग्णांपाशी बसू लागले, आणि २००८ साली राज्याने त्यासाठी धोरण आखले. आपल्या बैठकीतून उद्या चार-पाच जण अशा सोबतीसाठी तयार झाले, तर तो आपल्या वाचनालयाचा फार मोठा लाभ असेल. मात्र ते उद्दिष्ट म्हणून आधीच जाहीर करू नका.

पुस्तकांकडे येते. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात या विषयाची पुस्तके विखुरलेली असतात, हे आपण जाणताच: मरणाचे मानसशास्त्र १५५.९३७ मध्ये, तत्त्वज्ञान १२८.५ मध्ये, अंत्यविधींच्या चालीरीती ३९३ मध्ये, शेवटच्या आजारपणातील शुश्रूषा ३६२.१७५ मध्ये आणि वारसा कायदा ३४६.०५ मध्ये. यांखेरीज कथा, कविता, आत्मचरित्रे आणि संतवाङ्मय यांत विखुरलेले असते ते वेगळेच. वाचकाला हे एकत्र सापडणार नाही, म्हणून एक छोटे कपाट किंवा निदान एक फळी तात्पुरती मांडावी आणि ती देवघेवीच्या खिडकीपासून थोडी दूर, आडोशाला असावी. अशी पुस्तके देताना शीर्षक मोठ्याने उच्चारू नये, कुणी काय नेले हे दुसऱ्या सभासदाला कळू देऊ नये. कर्करोगाविषयीचे पुस्तक एखाद्या सभासदाने नेले ही बातमी संध्याकाळपर्यंत त्यांच्या इमारतीत पोहोचली, तर ते पुन्हा कधीही काही विचारायला येणार नाहीत.

बालविभागालाही यातून वगळू नका. आजोबा गेले की मुलांना ‘आजोबा झोपले’ किंवा ‘गावाला गेले’ असे सांगितले जाते. लहान मुले, विशेषतः पाच-सहा वर्षांखालची, मरण कायमचे असते हे अजून समजू शकत नाहीत आणि शब्द जसेच्या तसे घेतात. मग ती झोपायला घाबरतात किंवा गावाहून परत येण्याची वाट पाहत राहतात. आजोबांचे शरीर काम करायचे थांबले, ते आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही, एवढे साध्या शब्दांत सांगावे, असे पालकांना सांगणारी एक सकाळ आपण ठेवू शकता. मला वाटते, यासाठी तरुण पालक अधिक संख्येने येतील आणि सभासद घटण्याच्या अध्यक्षांच्या चिंतेला त्यातूनच उत्तर मिळेल.

मंडळाकडे कायमस्वरूपी उपक्रमाचा ठराव मागू नका. तीन बैठकींपुरती वाचन कक्ष वापरण्याची परवानगी मागा, खर्च चहा-बिस्किटांचा आहे हे सांगा, आणि अध्यक्षांना पहिल्या बैठकीला येण्याचे निमंत्रण द्या. पाहुणे म्हणून किंवा उद्घाटनासाठी नव्हे, तर त्या गोलातील एका खुर्चीवर बसण्यासाठी. त्यांच्या वयाच्या माणसाने आई-वडील, कदाचित जोडीदारही गमावलेला असतो. ते बोलले तर उत्तम, न बोलता ऐकून गेले तरी हरकत नाही. पितृपक्षाची सूचना मात्र नम्रपणे टाळा. गेलेल्यांचे स्मरण करण्याचा तो काळ आहे आणि त्याचे स्थान आहेच; पण बैठक त्या पंधरवड्यात ठेवली की हा एका धर्माचा वार्षिक विधी ठरेल, आणि वर्षाच्या उरलेल्या साडेअकरा महिन्यांत ज्यांना बोलायचे आहे त्यांनी कुठे जावे हा प्रश्न तसाच राहील. कुठलाही साधा महिना घ्या. पहिल्या बैठकीला तीनच माणसे आली तरी ती रद्द करू नका, ठरल्या वेळी सुरू करा, ठरल्या वेळी संपवा, आणि ती माणसे निघण्यापूर्वी पुढच्या बैठकीची तारीख त्यांच्यासमोर फलकावर लिहा.